पगार वेळेवर येतो, तरी रविवारी संध्याकाळी पोटात गोळा का येतो?

आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाची ही लिखित आवृत्ती. शहाद्याहून धडगावकडे निघालं की घाटात रेंज जाते आणि एपिसोड मध्येच थांबतो, अशी बऱ्याच जणांची तक्रार असते. म्हणून आपण प्रत्येक भाग असा लिहूनही टाकतो. बोलताना घाईत सुटलेल्या दोन-चार गोष्टी इथे भरल्यात.

विषय एका व्हॉइस नोटमधून आला. पाठवणारा तळोदा तालुक्यातला, हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत सहा वर्षं झाली. त्याच्या परवानगीने त्याचं म्हणणं सांगतो, नाव नाही सांगत. तो म्हणाला, "दादा, पॅकेज चांगलं आहे, मॅनेजर चांगला आहे, घरचे खूश आहेत. तरी रविवारी संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो. सोमवार नको वाटतो. आणि हे सांगायची लाज वाटते, कारण माझा चुलतभाऊ अजून दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातो."

या नोटमधलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. 'करिअरमध्ये अडकलोय' या विषयावर इंटरनेटवर ढिगाने माल आहे. पण तो बहुतेक अशा माणसांसाठी बनवलेला, ज्यांच्या नोकरीवर ते एकटेच जगतात. आपल्याकडे तसं नसतं ना.

जरा आपला जिल्हा डोळ्यासमोर आणा. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला. २०११ च्या जनगणनेत जवळपास ६९ टक्के लोक आदिवासी, साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, तेव्हा राज्याचा आकडा ८२ होता. अक्कलकुवा, धडगावच्या कितीतरी घरांत शाळेचा उंबरा ओलांडणारी पहिली पिढी म्हणजे आपण किंवा आपले आई-बाप. अशा घरातल्या पोराला नोकरी लागते तेव्हा ती एकट्याला लागत नाही. बापाचं कर्ज, बहिणीचं नर्सिंग, घरावरचे पत्रे, काकाचं ऑपरेशन, सगळ्यांना ती लागते. गावात पेढे वाटले जातात. पुढच्या वर्षी शाळेतले सर दहावीच्या पोरांना तुमचं नाव घेऊन सांगतात.

म्हणजे ही नोकरी कुणाचं तरी स्वप्न होतीच. आई-बापाचं, घराचं, कधी अख्ख्या पाड्याचं. तुम्ही ते पूर्ण केलंत. ते खोटं नव्हतं आणि कमी दर्जाचंही नव्हतं. अडचण एवढीच, की ते पूर्ण करायच्या धावपळीत तुमचं स्वतःचं काही होतं का, हे विचारायला वेळच मिळाला नाही. नीट पाहिलं तर 'माझं स्वप्न हरवलं' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं स्वप्न हरवलेलं नसतं. ते कधी नीट सुरूच झालेलं नसतं. आणि जे सुरूच झालं नाही, ते खोलीत बसून कितीही विचार केला तरी सापडणार कसं? ते करून बघावं लागतं, नोकरी चालू ठेवून, थोडं थोडं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. बाकीचा भाग ते कसं, आणि का, यावर.

आधी त्या गोळ्याबद्दल. मानसशास्त्रात एक जुनी कल्पना आहे. ब्रिकमन आणि कॅम्पबेल या दोन अभ्यासकांनी १९७१ मध्ये ती मांडली. माणूस सुखाला सरावतो. पहिल्या पगाराचा मेसेज आला तेव्हा तुम्ही स्क्रीनशॉट काढला होता, आठवतं? आज तो मेसेज नोटिफिकेशनमधून न वाचताच सरकवता. नोकरी तीच, पगार उलट वाढलेला, पण मन पुन्हा जुन्या पातळीवर आलं. याला कृतघ्नपणा म्हणायचं कारण नाही, माणसाचं मन असंच चालतं. दुसरे दोन अभ्यासक, डेसी आणि रायन, सांगतात की कामात मन टिकायला तीन गोष्टी लागतात: थोडा स्वतःचा निर्णय, आपल्याला हे जमतंय ही जाणीव, आणि आपली वाटणारी माणसं. यातली कुठली तुमच्याकडे कमी आहे ते आधी बघा. कधी कधी टीम बदलली तरी भागतं. स्वप्न वगैरे शोधायची गरजच पडत नाही.

तसंच, थकणं आणि अडकणं यातही फरक आहे. आठ दिवस गावी गेलात, झोप झाली, आईच्या हातची भाकरी-ठेचा खाल्ला आणि परतताना बरं वाटलं, तर तुम्ही थकलेले होतात. रजा घ्या, विषय संपला. रजेच्या तिसऱ्या दिवसापासून परतीच्या तिकिटाचा विचार छातीवर बसत असेल, तर ते दुसरं काहीतरी आहे. आणि झोप, भूक, कशातच रस नसणं हे दोन-दोन आठवडे चाललं असेल, तर पॉडकास्ट ऐकून भागणार नाही. टेली-मानस ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६. मराठीत बोलता येतं. लावा फोन, त्यात लाजायचं काही नाही.

आता माणसांकडे येऊ. पहिले आपल्या ओळखीचेच, डॉ. राजेंद्र भारूड. आपले माजी जिल्हाधिकारी. मूळ साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे, भिल्ल कुटुंबातले. जन्माआधीच वडील गेले, आईने मोहाची दारू विकून घर चालवलं. पुढे अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात शिक्षण, तिथून मुंबईला, जी. एस. मेडिकल कॉलेजला. म्हणजे जे केईएमला जोडलेलं आहे ते. अशा घरातला मुलगा डॉक्टर होतो, तेव्हा गोष्ट तिथे संपायला हवी. सिनेमात संपतेच. पण एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षात असताना हा माणूस यूपीएससी देतो, आणि पुढे २०१३ च्या तुकडीचा आयएएस अधिकारी होतो.

का? त्यांनी सांगितलेलं कारण साधं आहे. डॉक्टर व्हायचं ते लोकांच्या उपयोगी पडायला. शिकता शिकता लक्षात आलं, की आपल्या माणसांना शिक्षण आणि संधी द्यायची तर प्रशासनात जावं लागेल. इथे एक गोष्ट मला फार आवडते. त्यांनी स्वप्न बदललं असं आपण म्हणतो, पण मुळातली ओढ तीच राहिली, वाट तेवढी बदलली. आणि डॉक्टरकी वायाही गेली नाही. सप्टेंबर २०२० मध्ये, कोरोनाची पहिली लाट ओसरायला लागलेली असताना, नंदुरबारमध्ये पहिला ऑक्सिजन प्लांट उभा राहिला. मग आणखी. २०२१ च्या एप्रिलमध्ये देशभर लोक सिलिंडरसाठी धावत होते, तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नाव वेगळ्या कारणाने टीव्हीवर आलं. ऑक्सिजन संपला तर वॉर्डात काय होतं हे वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या माणसाला वेगळं समजावून द्यावं लागत नाही. त्यांच्या आत्मकथनाचं नाव 'मी एक स्वप्न पाहिलं'. मिळालं तर वाचा.

आणि हेही बघा, यूपीएससी देण्यासाठी त्यांनी मेडिकल अर्धवट सोडलं नाही. मेडिकल चालू ठेवूनच परीक्षा दिली.

दुसरं नाव ऐकून तुम्ही म्हणाल, हे कुठून आले मध्येच. डॉ. श्रीराम लागू. आमच्या घरी त्यांना सिनेमातले कडक वडील म्हणून ओळखायचे. पण ते खरोखरचे डॉक्टर होते, कान-नाक-घशाचे सर्जन. पुण्याच्या बी. जे. मेडिकलला शिकले, पुढच्या शिक्षणासाठी कॅनडा आणि इंग्लंडला गेले, पुण्यात प्रॅक्टिस केली, टांझानियात टाबोरा नावाच्या गावीही काम केलं. करिअर म्हणून बघितलं तर कुणाचीही मान ताठ व्हावी असं. नाटकाचा नाद कॉलेजपासून होता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भालबा केळकरांबरोबर पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पीडीए, ही हौशी नाट्यसंस्था सुरू झाली आणि लागू तिथे नाटकं करत राहिले.

आणि मग १९६९ साली, वयाच्या बेचाळिशीत, त्यांनी डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं. वसंत कानेटकरांचं 'इथे ओशाळला मृत्यू' हे त्यांचं व्यावसायिक रंगभूमीवरचं पहिलं नाटक. पुढच्याच वर्षी शिरवाडकरांचं 'नटसम्राट'.

ही गोष्ट लोक सांगतात ती 'बघा, बेचाळिशीत धाडस केलं' अशी. मला त्यात दुसरंच दिसतं. पीडीए ते १९६९, साधारण अठरा वर्षं होतात. या काळात सकाळी दवाखाना, संध्याकाळी तालीम, असा हा माणूस जगला. परदेशी शिकायला गेला तेव्हा खंड पडला असेल, पण धागा सोडला नाही. म्हणजे १९६९ मध्ये त्यांनी अंधारात उडी मारली नाही. आपल्याला हे जमतं की नाही, लोक थांबून बघतात की नाही, रोज तालमीला जायला कंटाळा येतो की नाही, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यांच्याकडे आधीच होती. राहिला होता फक्त निर्णय. तोही सोपा नसणारच. पण आंधळा नव्हता.

अमेरिकेत यावर एक अभ्यासही झालाय. राफी आणि फेंग या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये हजारो लोकांची माहिती तपासली. नोकरी चालू ठेवून धंदा सुरू करणारे आणि नोकरी सोडून थेट धंद्यात उतरणारे, अशी तुलना होती. आधी नोकरीसोबत धंदा करून मग बाहेर पडलेल्यांचा धंदा बुडण्याची शक्यता साधारण एक तृतीयांशाने कमी निघाली. धंदा आणि स्वप्न एकच नाही, मान्य. पण 'जहाज जाळून टाका' छाप भाषणं ऐकून राजीनामा टाइप करत असाल तर हा आकडा लक्षात असू द्या.

मग कुणी म्हणेल, सगळं सोडून देणारी माणसं नसतात का? असतात की. आपल्याच शहाद्यात होऊन गेली. कुमार शिराळकर हे नाव जुन्या लोकांना विचारा. आयआयटी मुंबईतून इंजिनीअर झालेला माणूस. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा-तळोद्यात आला, तेव्हा इथे सालदारी जोरात होती. वर्षभर एकाच्या शेतात राबायचं, आगाऊ घेतलेली उचल कधीच फिटायची नाही, आणि आपलीच गेलेली जमीन दुसऱ्यासाठी कसायची. पाडळद्याचे अंबरसिंग सुरतवंती आधीपासून भिल्लांमध्ये काम करत होते. जानेवारी १९७२ मध्ये शहाद्याला भूमुक्ती मेळावा झाला, त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. शिराळकर ऑक्टोबर २०२२ मध्ये गेले, तोवर पन्नास वर्षं कष्टकऱ्यांच्या चळवळीतच होते. इंजिनीअरिंगकडे परत गेले नाहीत.

त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरी त्यांचं उदाहरण देऊन कुणी त्या हिंजवडीतल्या पोराला 'सोड नोकरी' म्हणालं तर मी त्याला थांबवीन. शिराळकर ज्यांच्यासाठी इथे आले, त्या घरांतली पोरं आता कुठे तिथवर पोचलीत, जिथून ते निघाले होते. ती खुर्ची सोडायचा हक्क या पोरांनाही आहे, शंभर टक्के. पण ती सोडल्यावर मागे काय पडतं त्याचा हिशोब प्रत्येक घरात वेगळा असतो, आणि तो हिशोब करण्यात भेकडपणा काही नाही.

आता शोधायचं कसं. मला कामाला आलेली खूण सांगतो, जराशी विचित्र आहे. हेवा! कुणाचं स्टेटस बघून पोटात बारीक कळ येते? मित्राने फॉर्च्युनर घेतली तर मी 'मस्त रे' लिहून पुढे जातो. पण कुणाचा तरी आवाज रेडिओवर आला की मी थांबतो आणि मनात म्हणतो, हे मी याच्यापेक्षा बरं केलं असतं. लहानपणी आमच्या घरी जळगाव आकाशवाणी लागायची, मी निवेदकाची नक्कल करायचो. मग बीकॉम, मग बँकेची परीक्षा, मग नऊ वर्षं काउंटर आणि कर्जाच्या फायली. हा पॉडकास्ट त्या कळेतून निघालाय. गुरुवारी रात्री दोन तास, गोधडीखाली बसून, कारण शेजारी लग्नसराईत डीजे असतो. मी अजून बँकेतच आहे. आणि खरं सांगू? या दोन तासांमुळे बँकही बरी वाटायला लागली. आता गावाकडची एखादी मावशी बचत गटाचं कर्ज मागायला आली की तिच्याशी बोलण्यात मला रस वाटतो.

करून बघितल्यावर काही स्वप्नं गळूनही पडतात, तेही चांगलंच. मला फोटोग्राफर व्हायचं होतं. दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोडेयात्रा भरते, तिथे दोन वर्षं उसना कॅमेरा घेऊन गेलो. घोडे आवडले, घोड्यांचे व्यापारी तर फारच आवडले, पण फोटो निवडत कॉम्प्युटरसमोर बसणं अजिबात नाही. त्यांच्याशी गप्पा मारून आलो. विषय मिटला. नाहीतर साठाव्या वर्षापर्यंत 'मी फोटोग्राफर झालो असतो' असं म्हणत बसलो असतो.

हिंजवडीतल्या त्या पोराला मी हेच विचारलं, हेवा कुणाचा वाटतो? तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, आजीच्या गोष्टी. त्याची आजी पावरी भाषेत रात्र रात्र गोष्टी सांगते, डोंगराच्या, देवांच्या, माणसं कशी झाली त्याच्या. त्याला लहानपणी त्या लिहून काढायच्या होत्या. कुणीतरी परदेशी अभ्यासक अशाच गोष्टी गोळा करतोय असं त्याने यूट्यूबवर पाहिलं आणि त्याला दोन दिवस झोप लागली नाही.

मी म्हटलं, आजीचं वय किती? ऐंशीच्या पुढे. मग राजीनाम्याचा विचार नंतर कर, आधी मोबाइलचा रेकॉर्डर चालू कर.

थोडं पैशाचं आणि कागदाचंही बोलू, कारण स्वप्न बहुतेक वेळा तिथेच अडतं. घरचा महिन्याचा खर्च, हप्ते आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्यांची फी, हे तिन्ही धरून आकडा काढा. पुढे-मागे नोकरी सोडायची असेल तर किमान वर्षभराचा आकडा बाजूला हवा. सहा महिने पुरतात म्हणणारे एकट्याचं धरून सांगतात. बहिणीचं शेवटचं वर्ष बाकी असेल तर ते होऊ द्या. सरकारी नोकरीत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ वाचा. परवानगीशिवाय धंदा किंवा दुसरी नोकरी चालत नाही, पण अधूनमधून केलेल्या साहित्य-कलेच्या कामाला त्यात जागा आहे. यूट्यूबचे पैसे यायला लागले तर मात्र आधी ऑफिसला लेखी विचारा. अध्ययन रजा, असाधारण रजा असे प्रकारही असतात. आपल्याकडे लोक थेट राजीनाम्याचा विचार करतात, रजेचा नियम उघडून बघत नाहीत.

आणि घरी सांगायचं. हे सगळ्यात अवघड. 'बाबा, मला या नोकरीत मजा नाही' असं फोनवर सांगितलं तर बाबांना ऐकू येतं, 'तुम्ही जे केलंत ते फुकट गेलं.' त्यांची चूक नाही, त्यांनी त्यासाठी बैल विकलेला असतो. प्रत्यक्ष जा. आधी सांगा की पैसे येत राहतील. मग सांगा की मला अमुक करून बघायचंय, रविवारी, एवढा एवढा वेळ. आई-बापाला स्वप्नाची भीती वाटत नाही, हप्ता चुकण्याची वाटते. ती काढून टाकली की ते विचारतात, "बरं, पण करणार काय नेमकं?" तिथून बोलणं सुरू होतं.

त्या पोराचं पुढे काय झालं, हे बऱ्याच जणांनी कमेंटमध्ये विचारलंय. होळीला तो गावी गेला. काठीची राजवाडी होळी बघून पहाटे घरी आला आणि दुपारी आजीसमोर फोन ठेवला. आजी म्हणाली, हे यंत्र बंद कर, मग सांगते. दुसऱ्या दिवशी नात शेजारी बसली, तेव्हा कुठे सुरू झाली. आता दर महिन्याला एक शनिवार-रविवार तो गावी जातो. अकरा गोष्टी झाल्यात. काही शब्द त्यालाच कळत नाहीत, ते तो वडिलांना विचारतो, आणि वडील, ज्यांच्याशी गेली सहा वर्षं फक्त पैशाचं बोलणं होत होतं, ते तासभर बोलतात. नोकरी सोडायची की नाही ते त्याने अजून ठरवलेलं नाही. रविवारी रात्रीची पुण्याची गाडी तो पकडतोच.

पुढच्या भागात आपण रेकॉर्डिंगवर बोलू: साध्या मोबाइलवर गावात आवाज नीट कसा घ्यायचा, पंखा आणि कोंबड्यांचं काय करायचं, आणि घेतलेलं जपून कुठे ठेवायचं. तुम्हाला कुणाचा हेवा वाटतो ते व्हॉइस नोटवर पाठवा. एक मिनिटाच्या आत बरं का, माझा डेटा संपतो.